मुली कमी का पडल्या, हे स्टेजवरून कुणीच का बोललं नाही? वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या समाज मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, मेळावा समितीची मंडळी आणि स्टेजवर बसणारे मान्यवर,

आण्णा, नाना, भाऊसाहेब, ताई, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मागच्या रविवारी औरंगाबाद रोडच्या एका लॉन्समध्ये आपला वधू-वर परिचय मेळावा झाला, त्याला मी माझ्या भाच्याला घेऊन आले होते. मंडळाचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण या आठ दिवसांत वेगवेगळ्या समाजातल्या ओळखीच्या बायकांना फोन करून विचारलं तर सगळ्यांच्या मेळाव्यात थोड्याफार फरकाने हेच बोललं जातंय. म्हणून पत्र सगळ्यांनाच आहे, आणि उघड यासाठी की ठराव पण उघड माईकवरूनच झालेत.

जेवणाच्या आधी चार ठराव वाचले. एक, मुलींच्या आईवडिलांनी अपेक्षा कमी कराव्यात, पॅकेज आणि फ्लॅट मागू नये. दोन, मुलींची लग्नं विशीतच उरकावीत, शिकायला पुण्या-मुंबईला पाठवायच्या आधी समाजातलं स्थळ बघावं. तीन, घटस्फोटित आणि विधवा मुलींचे बायोडाटा मुख्य पुस्तिकेत न घेता शेवटी वेगळे छापावेत. चार, समाजाची लोकसंख्या घटतेय म्हणून नव्या जोडप्यांनी किमान तीन मुलं होऊ द्यावीत. आणि ठरावात नसलं तरी असंही सांगितलं गेलं की परराज्यातून मुली बघून देणारे काही लोक ओळखीचे आहेत, ज्यांना पाहिजे त्यांनी कार्यक्रमानंतर भेटा. हात वर करा म्हटल्यावर हॉलभर हात वर गेले. मी केला नाही, पण उठून बोलले पण नाही, आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय म्हणून लिहायला बसले.

मी कोण ते सांगते. निफाड तालुक्यातल्या द्राक्षाच्या गावची लेक, दिली पण त्याच तालुक्यात, आता सिडकोत राहते. तीस वर्षांच्या वर एएनएम म्हणून, म्हणजे सरकारी नर्सबाई म्हणून, उपकेंद्रावर नोकरी केली, निफाड, दिंडोरी आणि मधली काही वर्षं पेठच्या बाजूला, आणि मागच्या वर्षी रिटायर झाले. बाळंतपणं किती केली ते मोजलं नाही. आणि माझा भाचा चौतीस वर्षांचा आहे, बीएस्सी अ‍ॅग्री, चार एकर बाग, सुपारीचं पण व्यसन नाही, आणि सहा वर्षांपासून स्थळं बघतोय. वहिनी रात्री फोनवर रडते, तिला वाटतं तिच्याच पोरात काहीतरी कमी आहे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणारी पोरं मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली होती, लोक व्हिडिओ बघून हसत होते, मला हसू नाही आलं, मला त्यात आमचा पोरगा दिसला. त्यामुळे शेतकरी पोरांचं दुःख हिला काय कळतंय असं कृपा करून कुणी म्हणू नका.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. दोन तास भाषणं झाली, मुली मिळत नाहीत, मुलींच्या अपेक्षा वाढल्या, मुली बिघडल्या, मोबाईलने वाट लावली, सगळं झालं, पण मुली मुळात कमी जन्माला आल्या आणि त्या आपण कमी केल्या हे एका पण माणसाने उच्चारलं नाही. निसर्गात हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्माला येतात. २००१ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ९२०. २०११ ला झाल्या ८९०. अख्ख्या महाराष्ट्राचं तेच, ९१३ वरून ८९४. आता हिशोब लावा, आज जी पोरं पंचवीस ते एकतीसची आहेत ना, ती २००१ ला सहा वर्षांच्या आतली होती, म्हणजे ९२० वाली. ८९० वाली पोरं अजून शाळा-कॉलेजात आहेत, ती लग्नाला अजून यायचीत!! आत्ताच हॉलमध्ये खुर्च्या पुरत नाहीत, अजून दहा वर्षांनी काय करणार आहात.

हे आकडे कसे बनले ते मी जवळून बघितलंय. आमच्या भागात पैसा आला, बाग आली, बंगले आले आणि त्याच रस्त्याने पोटात मुलगा की मुलगी ते सांगणारं सोनोग्राफीचं मशीन पण आलं. गरीब गावात मुलगी नको असेल तरी तपासायला पैसे नव्हते. पेठला मी होते तेव्हा तिथे मला कुणी कधी विचारलं नाही की बाई तपासून कुठे मिळेल. तिथे कोकणा, वारली लोकांत देज, म्हणजे लग्नाचे पैसे, मुलाकडून मुलीकडे जातो, मुलगी झाली म्हणून घरात सुतक पडत नाही. आणि आमच्याकडे, जिथे साखरपुड्यालाच पाच-सहाशे पानं उठतात तिथे, मुलीचा बाप व्हायची भीती बसली. हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे पण आपल्याकडे त्याला नाव बदलून "मानपान" म्हणतात आणि त्याची यादी तुमच्या-माझ्यासारखेच मध्ये बसून ठरवतात.

त्यात दोनच मुलांचा जमाना आला. चार-पाच होत होती तेव्हा एक तरी मुलगा होईल म्हणून लोक थांबायचे, दोनच पाहिजेत म्हटल्यावर पहिली मुलगी झाली की दुसऱ्या वेळी तपासायचंच असं होऊन बसलं. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही असा नियम लागला, तेव्हा तर पुढारी घरातल्या सुनांचे काय हाल झाले ते मला माहितीये, कारण त्या रात्री अपरात्री माझ्याकडे रक्तस्राव घेऊन यायच्या आणि पायरीवरून पडले असं सांगायच्या. मी पण तसंच रजिस्टरला लिहायचे.

आणि माझं स्वतःचं. हे मी आजवर घराबाहेर बोललेले नाही. मला पहिली मुलगी. १९९७ ला दुसऱ्यांदा दिवस गेले, चौथ्या महिन्यात सासूबाई आणि मालक मला एका गावी घेऊन गेले, दवाखान्याचं आणि गावाचं नाव घेत नाही. ना चिठ्ठी, ना रजिस्टर. डॉक्टर मशीनवर बघून फक्त "बर्फी" म्हणाले, म्हणजे मुलगी. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८ लाच कायदा केला होता, देशात सगळ्यात आधी, आणि १९९४ ला देशाचा कायदा झाला, तो मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेला होता. म्हणजे मला सगळं माहिती होतं आणि मी टेबलवर झोपले. मला कुणी दोरीने बांधून नेलं नव्हतं पण नाही म्हणायला लागणारी जागा पण घरात नव्हती, ते ज्या बाईवर गेलंय तिला कळेल. दोन वर्षांनी मुलगा झाला, गावभर पेढे वाटले. ती असती तर आज अठ्ठावीसची असती, तुमच्या परिचय पुस्तिकेत तिचं एक पान असतं. परवा पुस्तिका चाळताना मुलांची पानं हाताला जाड लागली आणि मुलींची संपून पण गेली, तेव्हा माझ्या मनात दुसरं काहीच आलं नाही. आमच्या माहेरच्या वाड्यात पाच घरं आहेत, भाच्याच्या पिढीत नऊ मुलं आणि दोन मुली. भाच्याला मुलगी का मिळत नाही ते वहिनीला पण माहिती आहे आणि मला पण, आम्ही एकमेकींशी त्यावर कधी बोलत नाही एवढंच.

दुसरी तक्रार, त्या मुलीला तुम्ही बोलू दिलं नाही. सिन्नरकडची होती, अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे म्हणाली. तिने माईकवर सांगितलं की शेतकरी मुलगा चालेल, शेतात काम पण करीन, फक्त सातबाऱ्यावर माझं नाव लावणार का? एवढंच. हॉल हसला. सूत्रसंचालकाने माईक घेतला आणि पुढचा बायोडाटा वाचायला सुरुवात केली. मला सांगा यात हसण्यासारखं काय होतं?

शेतकरी नवरा नको असं मुली का म्हणतात याचं उत्तर तिने अर्ध्या मिनिटात दिलं होतं. तिने तिच्या आईला बघितलंय. द्राक्षाच्या खरड छाटणीला आई, गोडी छाटणीला आई, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला आई, घरी येऊन पंधरा मजुरांचा चहा पण आई, आणि बँकेच्या पासबुकावर, सोसायटीच्या कर्जावर, सातबाऱ्यावर आईचं नाव कुठेच नाही. बाप गेला की तलाठ्याकडे वारस म्हणून नाव लागतं, आणि मग माहेरच्या जमिनीचा विषय निघाला की भाऊ राखीला साडी देतो आणि हक्कसोडीवर सही घेतो. मी पण दिलीय सही. कायद्याने मुलीला वडिलांच्या जमिनीत बरोबरीचा वाटा आहे, महाराष्ट्रात १९९४ ला झालं आणि २००५ ला देशभर, पण आपल्याकडे वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेर तुटलेली बहीण. मग मुलगी म्हणते, जमीन ना इकडे माझी ना तिकडे माझी, तर मी त्या जमिनीत का राबू, त्यापेक्षा पुण्यात वन आरकेत राहीन पण पगार माझ्या खात्यात येईल. यात तिची अपेक्षा वाढली कुठे, तिने फक्त हिशोब केला.

आणि हे काही शहरातून आलेलं फॅड नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात आपल्याच चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं होतं, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं, माझी आई ट्रॉलीत बसून गेली होती, भाकरी बांधून. लाखावर बायका होत्या. नंतर त्याच संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची, आणि गावंच्या गावं त्यात आली होती. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या आया-आज्यांनी जे मागितलं होतं तेच त्या पोरीने मागितलं, आणि आपण हसलो.

तिसरी, वयाची. मुलगा तिशीचा तर मुलगी पंचविशीची, पाच वर्षांनी लहान पाहिजेच असं आपल्याकडे धरून चालतात. पण जन्मच कमी होत चाललेत. मी नोकरीला लागले त्या सुमारास, १९९२-९३ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईला सरासरी २.९ च्या आसपास मुलं होत होती, २०१९-२१ ला तो आकडा १.७ वर आलाय. मग पाच वर्षं नंतर जन्मलेल्यांची अख्खी पिढीच आधीच्या पिढीपेक्षा बारीक, त्यात मुली अजून कमी. म्हणजे तुम्ही स्वतःच ठरवून पोरांना लहान होत चाललेल्या ढिगात मुली शोधायला लावताय. बरोबरीच्या वयाची किंवा एक-दोन वर्षांनी मोठी मुलगी चालेल असं म्हटलं तरी किती पोरांची वाट मोकळी होईल. ते सोडून तुम्ही ठराव काय केला तर मुलींनाच लवकर उजवा! महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर विवाहित-अविवाहित मुलींत साधारण बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात. मी अशा पोरींची बाळंतपणं केलीत, सोळा-सतरा वर्षांची, हिमोग्लोबिन सात, बाळ पावणेदोन किलोचं. "विशीतच उरका" असा ठराव स्टेजवरून झाला की खाली गावात तो किती वयावर जाऊन थांबतो ते तुम्हाला माहिती नसेल असं मला वाटत नाही.

चौथी लवकर सांगते कारण तिच्यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. एकीकडे मुली नाहीत म्हणून ओरडायचं आणि एकीकडे बत्तीस वर्षांच्या घटस्फोटित, शिकलेल्या, कमावत्या मुलीला शेवटच्या पानावर टाकायचं. घटस्फोटित मुलांचे बायोडाटा मात्र मुख्य पुस्तिकेतच आहेत, मी बघितले. कोविडमध्ये विधवा झालेल्या किती तरुण मुली आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांना लेकरू आहे म्हणून त्यांचं पान मागे.

पाचवी, परराज्यातून मुली आणून देणारे. भाऊसाहेब, हे लोक लाख-दोन लाख घेतात, मुलगी कुठली, तिचं वय काय, तिला भाषा येते का, तिच्या आईबापाला काय सांगून आणलंय, काही विचारत नाहीत. काही ठिकाणी आठ दिवसांत दागिने घेऊन पळाल्याच्या केसेस होतात, त्या पेपरला येतात. पण जी पळत नाही, जिला पळता येत नाही, तिचं पेपरला येत नाही. दिंडोरीकडे माझ्या शेवटच्या पोस्टिंगला अशी एक होती, गरोदरपणाच्या तपासणीला यायची, तिला तिच्या गावाचा जिल्हा सांगता यायचा नाही. स्वतःच्या मुली पोटातच कमी करायच्या आणि दुसऱ्या गरिबाच्या विकत आणायच्या, हे समाजकार्य म्हणून स्टेजवरून सांगू नका, हात जोडते.

आणि तीन मुलांचा ठराव. यावर मला जास्त बोलायचंय कारण माझी सगळी नोकरी यातच गेली. मी लागले तेव्हा आम्हाला ऑपरेशनचं टार्गेट असायचं, १९९६ पर्यंत, मार्च जवळ आला की आम्ही बायका शोधत वस्त्या पालथ्या घालायचो. त्याच्याही आधी, आणीबाणीत, १९७६ ला तर महाराष्ट्र विधानसभेने सक्तीच्या नसबंदीचं बिल पास केलं होतं, पुढे त्याचा कायदा झाला नाही ते नशीब. त्या काळात पुरुषांनी नसबंदीची जी धास्ती घेतली ती आजवर गेली नाही, आज राज्यात निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषांचं शंभरात एकाचं पण नाही. म्हणजे तेव्हा कमी करा म्हणून बाईच्या पोटावर ठराव, आता वाढवा म्हणून परत बाईच्या पोटावरच ठराव, आणि दोन्ही वेळा तिला विचारलेलं नाही.

मुलं कमी का झाली ते तरी बघा. जन्मलेलं पोर जगायला लागलं, पूर्वी पाचातली दोन जायची म्हणून पाच व्हायची. मुली दहावी-बारावीच्या पुढे गेल्या. लग्नाचं वय वाढलं. इंग्लिश मिडियमची फी, व्हॅनचे पैसे, क्लास, पाथर्डी फाट्याला टू बीएचके घ्यायचा तरी आयुष्यभराचा हप्ता. सासू-सासरे गावाला, हे दोघं इथे, बाळ कुणाकडे ठेवायचं तर पाळणाघर नाही, असलं तर परवडत नाही, बाई नोकरी सोडते नाहीतर दुसरं मूल सोडते. ह्यातलं एक पण कारण तुमच्या ठरावाने हलणार नाही. आंध्रात तर पंचायतीचा दोन मुलांचा नियमच २०२४ ला काढून टाकला, पण नियम लावून घाईने कमी करता आलं नाही तसं नियम काढून वाढवता पण येणार नाही. आणि समजा तुमचं ऐकलं, झाली तीन, तर मुलगाच पाहिजे हे मनातून गेलेलं नसताना त्या तिनात मुली किती येतील?

माझ्या मागण्या साध्या आहेत, पैसे लागत नाहीत.

चारही ठराव पुढच्या मीटिंगमध्ये मागे घ्या आणि मागे घेतले हे माईकवरून सांगा, जसे मंजूर केले तसेच.

पुस्तिका एकच ठेवा, मुलींची, मुलांची, घटस्फोटित, विधवा, विधुर सगळ्यांची, आडनावाच्या अक्षराप्रमाणे.

मुलीच्या बायोडाटाबरोबर जन्मदाखला बघितल्याशिवाय नाव घेऊ नका, अठराच्या आतली असेल तर आईवडिलांना बाजूला घेऊन समजावून घरी पाठवा.

मुलाच्या बायोडाटात जिथे शेती किती एकर लिहिता त्याच्याच खाली एक रकाना वाढवा, लग्नानंतर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावणार का, हो किंवा नाही. आणि बहिणींकडून हक्कसोड घेतलीय का, तेही.

पैसे घेऊन मुली आणणारे मांडवात दिसले तर पोलिसांना कळवा.

जळगाव जिल्ह्यातून सुरू झालेला गुड्डा-गुड्डी बोर्ड, म्हणजे गावात या महिन्यात किती मुलगे जन्मले किती मुली, ते ग्रामपंचायतीबाहेर लिहायचं, तो तुमच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपापल्या गावात लावून घ्यावा. २०२७ च्या जनगणनेत आकडा कळेलच, पण गावाला आपला आकडा रोज डोळ्यासमोर दिसू द्या. आणि तपासणी करून देणारा कुणी माहिती असेल तर सिव्हिल सर्जनकडे लेखी तक्रार करा, शहरात असेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. मी जे तीस वर्षं केलं नाही ते तुम्ही करा, मी पण आता करणार आहे, दोन नावं लिहून ठेवलीत.

पुस्तिकेचा पुढचा अंक दिवाळीनंतर निघणार असं परवा सांगितलं. त्याच्या आधीच्या मीटिंगला मला दहा मिनिटं द्या, मी स्वतःच्या खर्चाने येईन, कुणावर आरोप करायला नाही, हेच परत तोंडी बोलायला. भाच्याचा बायोडाटा त्या अंकात परत देतोय. घरात बसून आम्ही त्यात एक ओळ वाढवलीय, "लग्नानंतर बागेच्या सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावणार." भाऊ दोन दिवस बोलला नाही, मग हो म्हणाला. वहिनी इतका वेळ गप्प होती, तिने शेवटी विचारलं, आणि माझं? पस्तीस वर्षं झाली मला या बागेत.

सोमवारी तिघांना घेऊन तलाठी ऑफिसला जातेय.

तुमच्याच समाजाची एक लेक,
रिटायर्ड नर्सबाई, सिडको, नाशिक